आरबी-१ चा रिपोर्ट हातात आहे, दुसरं बाळ पोटात आहे

कृष्णाकाठ:

नमस्कार. वाईजवळच्या गावातून लिहिते आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. अकराव्या महिन्यात त्याचं जावळ काढलं, तेव्हा माझ्या भावाने फ्लॅश मारून फोटो काढला. उजवा डोळा लाल आला आणि डावा पांढरा, रात्री मांजराचा चमकतो तसा. आम्हाला वाटलं फोटो बिघडला. पंधरा दिवसांनी दिव्याखाली वरणभात भरवताना तीच चमक मी समोर पाहिली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत बघितलं आणि त्याच संध्याकाळी आम्हाला मुंबईला जायला सांगितलं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. डावा डोळा गाठीने भरला होता, तो काढावा लागला. उजव्यात दोन बारक्या गाठी निघाल्या, त्या सहा केमो आणि लेझरने विझल्या. आज ओढ्यापलीकडे चरणारी म्हैस आपली की शेजाऱ्यांची, ते तो उंबऱ्यातून सांगतो.

त्याच्या रक्ताची जनुक तपासणी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: आरबी-१ (हे जनुकाचं नाव), हेटरोझायगस, नॉनसेन्स, ४४५ व्या जागी आर्जिनिनऐवजी स्टॉप, पॅथोजेनिक (म्हणजे आजार घडवणारा). तेव्हा आमच्या दोघांचंही रक्त द्यायला सांगितलं होतं. केमोच्या धावपळीत ते राहिलं, आणि नंतर घरात कोणी विषय काढू देईना. आता मला आठवा आठवडा चालू आहे.

हेटरोझायगस म्हणजे एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली, एवढं मला समजलं. मग चांगली प्रत असताना कॅन्सर झालाच कसा? आणि या बाळासाठी आत्ता काय करायचं, कोणत्या आठवड्यात?

आणखी एक विचारते. सासूबाई म्हणतात, पहिल्या वेळी ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून हे झालं. मी चिरली होती, मेथी होती. मी बारावीपर्यंत शास्त्र शिकले आहे. तरी रात्री तेच मनात येतं.

अंबाडी:

ताई, मी पुण्यात जनुक तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात. आधी मेथीचं सांगतो, कारण तुमच्या रिपोर्टमध्येच त्याचं उत्तर आहे.

त्या जागी डीएनएची तीन अक्षरं असतात, सीजीए. त्यांचा अर्थ 'इथे आर्जिनिन जोड' (आर्जिनिन हे प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल). तुमच्या मुलात सी चं टी झालं, म्हणून टीजीए, म्हणजे 'इथे थांब'. सी च्या पुढे जी असला की बऱ्याचदा त्या सी वर एक छोटा रासायनिक गट बसलेला असतो, आणि असा सी आपोआप, नुसत्या पाण्याच्या सान्निध्यात, टी होऊ शकतो. या जनुकात अशा जागा बऱ्याच आहेत, आणि जगभरच्या कुटुंबांत नेमक्या त्याच पुन्हा पुन्हा बिघडलेल्या सापडतात. तुमची ४४५ ची जागा त्यांतलीच एक. शिवाय रक्तातल्या सगळ्या पेशींत बदल आहे, म्हणजे तो गर्भ राहतानाच तिथे होता. ग्रहण नंतरचं आहे. या जनुकातले नवे बदल बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर सापडतात. हे मी तुमच्या यजमानांवर ढकलायला सांगत नाही. शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने बनत राहतात, दर वेळी अख्खा डीएनए उतरवून काढावा लागतो, त्यात एखादं अक्षर चुकतं. दोष कोणाचाच नाही. पण सगळा भार आईवर टाकायला विज्ञानात काहीच आधार नाही, हे घरात ठणकावून सांगा.

आता चांगल्या प्रतीचं. माझं लहानपण गोठ्यात गेलं, म्हणून मला ते दाव्यावरून समजतं. जनुक म्हणजे दावं वळायची रीत आणि प्रथिन म्हणजे वळलेलं दावं. पेशीत ई२एफ नावाचा एक प्रथिनांचा गट असतो, तो मोकळा झाला की पेशी डीएनएची नक्कल करायला आणि दुभंगायला निघते. तो आपला बैल. आरबी प्रथिन त्याला बांधून ठेवतं. दुभंगायची खरी वेळ आली की पेशीतली सीडीके-४ आणि सीडीके-६ ही एन्झाइम आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, गाठ सैल होते, काम झालं की पुन्हा बांधाबांध. पूर्ण दावं ९२८ अमिनो आम्लांचं. तुमच्या मुलाच्या बिघडलेल्या प्रतीत ते ४४५ ला, म्हणजे ई२एफला धरायच्या खोबणीतच तुटतं. बहुतेकदा पेशी जनुकावरून उतरवलेला असा बिघडलेला संदेश आधीच मोडून टाकते.

दुसरी प्रत चांगली असेपर्यंत बैल बांधलेला राहतो. पण वाढत्या डोळ्याच्या पडद्यात लाखो पेशी दुभंगत असतात. त्यांतल्या एखाद्या पेशीत चांगली प्रतही हरवली की तिथे दावंच उरत नाही. जन्मतः एक प्रत गेलेली असेल तर हा दुसरा अपघात कुठे ना कुठे जवळजवळ घडतोच, म्हणून अशा दहातल्या नऊहून जास्त मुलांना गाठ येते, आणि बहुतेकांना दोन्ही डोळ्यांत. ज्यांच्या दोन्ही प्रती जन्मतः ठीक असतात त्यांना एकाच पेशीत दोन अपघात लागतात. ते क्वचितच होतं, आणि मग एकच डोळा, तेही जरा उशिरा. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा आजार झालेल्या ४८ मुलांची वयं आणि गाठींची संख्या मांडून हे ओळखलं. तेव्हा जनुक कोणी पाहिलंही नव्हतं, ते १३ व्या गुणसूत्रावर १९८६ मध्ये सापडलं. मला हा हिशोब आजही वाचावासा वाटतो, इतका तो स्वच्छ आहे.

म्हणून 'कॅन्सरचं जनुक' म्हणू नका. ते आपल्या सगळ्यांत आहे आणि आपल्याला राखतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही विषाणूसुद्धा स्वतःच्या ई-७ प्रथिनाने याच आरबीला निकामी करतो.

आता तुमचं काम. या आठवड्यात तुम्ही दोघांनी रक्त द्या. अख्खं जनुक वाचायची गरज नाही, फक्त ४४५ ची जागा बघायची, त्यामुळे खर्चही कमी येतो. मुलाचा रिपोर्ट सोबत न्या. दोघांपैकी एकात बदल निघाला तर या बाळाला तो मिळायची शक्यता निम्मी. दोघांतही नाही निघाला तर शक्यता बरीच कमी, पण शून्य नाही, कारण बदल पालकाच्या फक्त बीजपेशींत लपलेला असू शकतो, तो रक्तात दिसत नाही. म्हणून बाळाची तपासणी दोन्ही परिस्थितींत करायची. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. सुया नको असतील तर जन्मल्यावर नाळेतलं रक्त. नोंदणी असलेल्या केंद्रातच जा. मुलगा की मुलगी हे कोणी सांगणार नाही, विचारूही नका.

हळदुगे:

कृष्णाकाठ, मी स्वतः ते मूल आहे. वय ३४, कोल्हापूर जिल्ह्यात शाळेत गणित शिकवते. उजवा डोळा दीड वर्षाची असताना काढला. डावा वाचवायला तेव्हा बाहेरून किरणोपचार दिले. त्याने डोळा वाचला, पण त्या बाजूची कानशिलाजवळची हाडं वाढली नाहीत. आजही तिथे खळगा आहे, केस पुढे घेऊन मी तो झाकत असे. आता झाकत नाही.

माझं जनुक कोणी तपासलं नव्हतं. लग्न ठरताना वडिलांनी फक्त 'लहानपणी डोळ्याला लागलं' असं सांगायला लावलं. मी नवऱ्याला खरं सांगितलं. पहिल्या मुलीच्या वेळी रक्त दिलं तेव्हा बदल निघाला. तिला तो मिळाला नाही. धाकट्याला मिळाला, नाळेच्या रक्तात समजलं. आठव्या दिवशी पहिली तपासणी, मग दर काही आठवड्यांनी भूल देऊन. तिसऱ्या महिन्यात मोहरीएवढी गाठ दिसली, कडेला. लेझर केलं. आज तो पाच वर्षांचा आहे, दोन्ही डोळे शाबूत, चष्मासुद्धा नाही. माझी गाठ चमकली तेव्हा कळली, त्याची चमकायच्या आधी. माझ्या आईला जो वेळ मिळाला नाही तो मला मिळाला, एवढाच आमच्यातला फरक.

तुम्हाला दोन गोष्टी सांगते. तुम्ही दोघंही रक्ताबरोबर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. कधीकधी आईवडिलांपैकी एकाच्या डोळ्यात आपोआप थांबलेल्या जुन्या गाठीचा डाग असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो.

दुसरं मुलासाठी. हा बदल त्याच्या सगळ्या पेशींत आहे, त्यामुळे डोळ्याचं संपलं म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. पुढे हाडाचा, स्नायूंचा, त्वचेचा कॅन्सर व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि किरणोपचारांनी तो आणखी वाढतो. म्हणूनच आता ते शक्यतो टाळतात. दात, ताप, पाय मुरगळला, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'याला आरबी-१ आहे' हे आधी सांगा. सीटी स्कॅन लिहून दिला तर एमआरआयवर किंवा सोनोग्राफीवर भागेल का ते विचारा. वाढत्या वयात एकाच जागी हाड दुखत राहिलं तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून बाम चोळत बसू नका. मी हे भीती घालायला लिहीत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगणारं कोणीतरी असावं.

कृष्णाकाठ:

दोघांचेही उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. दाव्याचं ते पटकन समजले. सासूबाई पलीकडे गहू निवडत होत्या, सुपावरचा हात थांबला होता. काही बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, गुरुवारी पोराला मी सांभाळते, तुम्ही दोघं जाऊन रक्त देऊन या.

हळदुगेताई, एक विचारू? त्याचं कृत्रिम डोळ्याचं कवच खेळताना फिरतं, आणि मला हात लावायची भीती वाटते.

हळदुगे:

आधी साबणाने हात धुवा. त्याला मांडीवर आडवं घ्या. खालची पापणी खाली ओढली की कवचाची खालची कड सुटते, मग ते हातात येतं. उकळलेल्या गार पाण्याने धुवा. बसवताना वरची कड आधी वरच्या पापणीखाली सरकवा, मग खालची पापणी ओढून आत बसवा. त्याला दुखत नाही, नुसतं गार लागतं. मात्र वारंवार फिरत असेल तर ते लहान पडलंय. त्याचा चेहरा वाढतोय ना. बनवणाऱ्याला दाखवून नवं माप घ्या. आणि पहिल्यांदा करताना त्याच्या हातात आरसा द्या. माझी आई द्यायची.