खन्ना (पंजाब): तात्यांना धान्यमंडी दाखवायची आहे, कधी जावं?

निफाडकर_धाकटा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दर मार्चला गहू काढायला पंजाबची हार्वेस्टर येतात. गेली सहा वर्षं एकच सरदारजी येतो, जेवायला आमच्या पडवीतच असतो. त्याची निम्मी भाषा तात्यांना (वय ६९) कळत नाही, तरी दोघांचं गूळपीठ आहे. आपल्याकडची काढणी उरकली की ही मंडळी मशीन घेऊन वैशाखीपर्यंत गावी पोचतात, कारण तिकडचा गहू तेव्हा तयार होतो. दरवेळी निघताना तो म्हणतो, "तात्याजी, खन्ना आओ, मंडी देखो." यंदा तात्यांनी मनावर घेतलंय.

अमृतसर करायचंच आहे. त्यात खन्न्याला दोन दिवस काढावेत का? बायको म्हणते, बाजार बघायला दीड हजार किलोमीटर कशाला, लासलगाव काय वाईट आहे? बाहेरच्या माणसाला आत सोडतात का? राहायचं कुठे? आणि तात्यांना धुळीचा दमा आहे, हेही लक्षात घेऊन सांगा.

कायम_कारकून

भाऊ, मी बाजार समितीत ३१ वर्षं काढली. लिलावाच्या नोंदी लिहून बोटाला घट्टा पडलाय. निवृत्त झाल्यावर २०२४ च्या एप्रिलात खन्न्याला जाऊन आलो. कांद्यावाल्याचं मत आहे, त्या हिशेबाने घ्या.

सरकारी खरेदी कागदोपत्री १ एप्रिलला सुरू होते. त्या तारखेला गेलात तर रिकामे फड बघून याल. गहू खरा येतो वैशाखीनंतर. २० तारखेच्या आगेमागे पोचा. फड हा शब्द तिकडचाच बरं का, माल उतरवायच्या ओट्याला म्हणतात. आपला उसाचा किंवा तमाशाचा, त्यांचा गव्हाचा. आणि गव्हाला म्हणतात कणक. पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर "कणक आ गई" ऐकून मला वाटलं कुणाची तरी कणीक मळून झाली.

तुम्हाला मनमाडहून सचखंड एक्स्प्रेस सोयीची. लुधियान्याला उतरा आणि बसने तासाभरात मागे या, जीटी रोडवर बस सारख्या असतात. मंडीत कुणी अडवत नाही. फक्त ट्रॉल्यांच्या आड येऊ नका.

आता मंडीचं. खन्न्याच्या बाजाराला आशियातला सर्वांत मोठा धान्यबाजार म्हणतात. (आपणही लासलगावला कांद्याच्या बाबतीत तेच म्हणतो, त्यामुळे मी तिथे जरा ऐटीतच गेलो होतो.) आत शिरल्यावर पहिला तासभर मी लिलाव शोधत होतो. व्यापाऱ्यांचा घोळका नाही, पुकारा नाही, ट्रॅक्टरवर चढून मालात हात घालणारा कुणी नाही. ट्रॉली येते, गहू फडावर ओतला जातो, पंख्याच्या यंत्रातून साफ होतो, ढीग लागतो. मग इन्स्पेक्टर येतो, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. १२ टक्क्यांच्या आत असला की वहीत नोंद, आणि हमाल ५०-५० किलोची पोती भरायला लागतात. जास्त भरला तर पसरा, वाळवा, थांबा. एखादा खाजगी व्यापारी चढा भाव देणार असेल तर बोली, एरवी हमीभाव. त्या वर्षी २२७५ रुपये क्विंटल. या ढिगालाही तोच आणि पलीकडच्यालाही तोच.

तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडे भाव पुकारतात तेव्हा शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो. तो चेहरा मला तिथे दोन दिवसांत दिसला नाही. आणि इकडे घरी काय चाललं होतं? ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. म्हणजे मी तिथे गव्हाचे ढीग बघत होतो तेव्हा आमच्या पुतण्याचा कांदा पडत्या भावात चालला होता. फोनवर त्याला २२७५ सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांना काळजीच नाही असं मात्र समजू नका. त्यांची काळजी म्हणजे लिफ्टिंग. माल विकला, पोती शिवली, पण ट्रक येऊन उचलत नाहीत. पुढच्या ट्रॉलीला फडावर जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा बघितलं. एका मिनिटात अख्खी मंडी ताडपत्र्यांना लटकली. बिहारकडची पोरं अनवाणी ढिगावर चढून टोकं खेचत होती आणि एक म्हातारा सरदार ताडपत्री कमी पडली म्हणून स्वतःची खाट उलटी करून ढिगाच्या कडेला लावत होता. पाऊस दहा मिनिटं पडला. खाटेमागचा गहू भिजलाच.

आडत्याला, म्हणजे मधल्या दलालाला, तिथे आढतिया म्हणतात. २०२१ पासून पैसे सरळ शेतकऱ्याच्या खात्यात जातात, तरी आढतिया हटलेला नाही, कारण लग्नाला आणि खताला उसने देणारा तोच. एकाच्या गाळ्यात चहाला बसलो. मुनीमजीला कळलं मी पण कारकून, त्याने वहीच पुढे सरकवली. सवयीने पानाची बेरीज केली. बरोबर होती.

जीटी_रोडची_सून

मिस्टरांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षं खन्न्यात होतो. आधी दम्याचं. दादा, तात्यांना सकाळी सातच्या आत न्या. नंतर साफसफाईचे पंखे सुरू होतात आणि कुसळांचा असा धुरळा उठतो की आमच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे खाजायचे. मास्क हवाच, पंप खिशात, आणि वाऱ्याच्या अलीकडे उभं राहायचं. हायवेलगतच्या हॉटेलात मागची खोली मागा, पुढे रात्रभर ट्रक. जमलं तर मुक्काम लुधियान्यालाच करा. तिथे कृषी विद्यापीठात जुन्या पंजाबी घरातल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तात्या नांगर आणि रहाटापुढून हलायचे नाहीत.

खन्ना शहरात बाकी बघण्यासारखं फार नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण फतेहगढ साहिब जवळ आहे. गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना सरहिंदच्या नवाबाने भिंतीत चिणलं, ती ही जागा. नांदेडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तुम्हीही जाच. डिसेंबरच्या शेवटी तिथे शहीदी जोड मेळा असतो, तेव्हा मात्र गर्दीत तात्यांना नेऊ नका. दुपार मोकळी असली तर संघोल. हडप्पाकाळापासूनची वस्ती, बौद्ध स्तूप, आणि १९८५ मध्ये खड्ड्यात एकावर एक रचून ठेवलेली ११७ कुशाणकालीन शिल्पं तिथेच सापडली. आम्ही गेलो तेव्हा संग्रहालयात आम्ही दोघं आणि पहारेकरी.

कारकूनकाका, तुमच्या हमीभावाच्या कौतुकाला मात्र माझी थोडी हरकत. तुम्ही गव्हाच्या महिन्यात गेलात. ऑक्टोबरात तीच मंडी भाताने भरते, आणि तो भात तिथे घरात फारसा कुणी खात नाही. भाव पक्का म्हणून पिकवतात. आमच्या घरमालकांनी तीन वर्षांत बोअर दोनदा खोल केली. पाणी इतकं खाली गेलंय की २००९ पासून कायदाच आहे, ठरावीक तारखेच्या आत भाताची लावणी करायची नाही. नोव्हेंबरात भाताची धसकटं जाळल्याचा धूर वेगळाच.

कायम_कारकून

ताई, मान्य. पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही, मी भावाच्या पाटीपुढे उभा होतो.

निफाडकर_धाकटा

सगळ्यांचे आभार. २१ एप्रिलची तिकिटं काढली. सरदारजीला फोन केला तर हॉटेल म्हटल्यावर तो चिडलाच. त्याचं गाव मंडीपासून बारा किलोमीटर, मुक्काम तिथेच म्हणतोय. बायकोही येतेय, संघोल ऐकून.

आता एकच अडलंय. तात्या म्हणतात रिकाम्या हाताने जायचं नाही, एक गोणी उन्हाळ कांदा न्यायचा. गाडीत चालेल का?

कायम_कारकून

बेदाणे न्या. एक रात्र त्या डब्यात मलाही काढावी लागली असती तर मी साखळी ओढली असती.