हायपर आणि हायपो दर वेळी उलटं होतं, काय करू?

नवीन_ॲप्रन:
नमस्कार, मी बीएस्सी नर्सिंग फर्स्ट इयरला आहे, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडीयम. ॲनाटॉमी फिजिऑलॉजीचं पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून हे ग्रीक शब्द अंगावर येतात. मॅडमनी प्रिफिक्सची (शब्दाच्या सुरुवातीला लागणाऱ्या तुकड्यांची) चार पानी यादी दिलीय झेरॉक्स काढून, ती मी रात्री पाठ करते आणि दोन दिवसांनी बघते तर सगळी खिचडी. परवा व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हायपोग्लायसेमिया विचारलं, मी ठणकावून सांगितलं शुगर वाढणे, आणि पुढे लक्षणं सांगितली घाम सुटतो, हात थरथरतात, भूक लागते. मॅडम म्हणाल्या, "अर्थ वाढलेल्या शुगरचा आणि लक्षणं कमी शुगरची, तुझा पेशंट नक्की कोणता गं?" सगळी बॅच हसली. अजून एक, ॲनिमियात ॲन म्हणजे नसणं असं यादीत आहे, मग ॲनाटॉमी म्हणजे काय नसणं?? पाठांतराशिवाय काही मार्ग आहे का प्लीज सांगा.

जुनी_पाटी:
बाळ, मी डॉक्टर नाही, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण बायकोच्या आजारपणात फायली वाचून वाचून या शब्दांचा नाद लागला. तू जे पाठ करतेयस त्यातलं निम्मं तुला आधीच येतंय. ग्रीक आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेच्या लेकी, विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात हे जाहीर भाषणात सांगितलं होतं. आता बघ. हायपर म्हणजे संस्कृत उपरि, आणि त्याच उपरिचं प्राकृतातून घासून घासून मराठी "वर" झालं. म्हणजे हायपर आणि वर हे सख्खे नातेवाईक, दोन्हीच्या शेवटी र आहे, एवढं धरून ठेव. हायपो म्हणजे उप. उपसरपंच सरपंचाच्या खाली असतो की नाही, तसं.

ॲनिमियातलं ॲन तर जसंच्या तसं आपलं. संस्कृतात व्यंजनापुढे अ लागतो, स्वरापुढे अन्: अज्ञान, पण अनादर. ग्रीकांचं तंतोतंत तेच, म्हणून श्वास थांबला की ॲप्निया आणि लघवी बंद झाली की ॲन्युरिया. रक्ताला ग्रीकमध्ये हायमा, जोडताना त्यातला ह गळला, म्हणून तिथेही ॲन.

डिस म्हणजे आपला दुस्, दुर्गंधीतला दुर् तोच. माझा सगळ्यात आवडता शब्द डिसेन्ट्री, नाक मुरडू नकोस. डिस अधिक एन्टेरॉन, आणि एन्टेरॉन म्हणजे आपलं आंत्र, ज्याचं आपण आतडं केलं. दुस् अधिक आंत्र! आजी ज्याला आव पडली म्हणायची त्याचं नाव असं अर्धं आपल्याच घरचं निघालं. पेरि म्हणजे परि, परिक्रमेतला, म्हणून हृदयाभोवतीचं आवरण पेरिकार्डियम आणि हाडाभोवतीचं पेरिऑस्टियम, त्यातलं ऑस्टिऑन म्हणजे अस्थि. प्रोग्नोसिस म्हणजे प्र अधिक ज्ञा, चक्क प्रज्ञा. पेशंटचं पुढं काय होणार हे आधी जाणणं.

जिथे आपल्याकडे सुरुवातीला स तिथे ग्रीकात बऱ्याचदा ह येतो. सप्त तिथे हेप्टा, सम तिथे होमो. होमोझायगस (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेला) यातलं झायगॉन म्हणजे जू, बैलांच्या मानेवरचं, संस्कृत युग. म्हणून तुझ्या शाळेच्या पुस्तकात झायगोटला (फलित अंड्याला) युग्मनज लिहिलं होतं, ते कुणी उगाच जड करायला नव्हतं लिहिलं.

आयसीयू_नाईट_शिफ्ट:
काका भारी लिहिलंय, सेव्ह करून ठेवलं. पण ॲप्रनवाल्या ताई, मी बारा वर्षं आयसीयूत आहे, माझं ऐक, अर्थ पाठ झाला तरी कानाचा घोळ राहतोच. फोनवर हायपर आणि हायपो दोन्ही "हायप" एवढंच ऐकू येतं, त्यात मॉनिटर बोंबलत असतात. नवीन असताना एका हॉस्पिटलात रात्री लॅबचा फोन आला, मी ऐकलं हायपोकेलेमिया, म्हणजे पोटॅशियम कमी, आणि रेसिडेंटला तसंच सांगून मोकळी झाले, त्यांनी केसीएल (पोटॅशियमचं औषध) लिहायला पेन उचललं सुद्धा. शेजारच्या सिनियर सिस्टर म्हणाल्या आकडा किती ते विचार आधी. परत फोन लावला तर ६.१. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. त्या पेशंटला वरून पोटॅशियम गेलं असतं तर हृदय बंद पडू शकलं असतं. तेव्हापासून हँडओव्हरला मी नुसतं हायपो हायपर बोलत नाही, "पोटॅशियम जास्त, सहा पॉइंट एक" असं बोलते आणि समोरच्याकडून परत वदवून घेते.

अजून एक गंमत, वॉर्डात नुसतं "हायपो" म्हटलं तर दोन अर्थ. "पेशंट हायपोत गेला" म्हणजे शुगर उतरली, ७० च्या खाली, डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) घेऊन पळ. आणि "हायपो आण" म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, फरशीवर रक्त सांडलं की टाकतो ते. पहिल्या आठवड्यात एक स्टुडंट शुगरवाल्या पेशंटसाठी फरशीचं कॅन घेऊन आली होती 😂 (पेशंटपर्यंत गेली नाही, दारातच धरली.) तिथला हायपो पण "खाली" वालाच आहे बरं का, क्लोराईटपेक्षा एक ऑक्सिजन कमी.

मायक्रोस्कोप_काका:
जुनी_पाटी सर, तुमचं बरोबर आहे पण पोरीला नुसतं अर्धं सांगून सोडू नका, परीक्षेत फसेल. मी ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवतो, दरवर्षी हेच बघतो, एकदा साम्य सापडलं की पोरं प्रत्येक अ ला नकार समजायला लागतात. अमीबातला अ नकाराचा नाही, तो शब्द बदल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, सारखा आकार बदलतो म्हणून. अस्थमातलाही नाही. आणि तू विचारलेलं ॲनाटॉमी, तिथे ॲन नाहीच, तिथे ॲना आहे, वर किंवा पूर्णपणे असा अर्थ, आणि टॉमी म्हणजे कापणं. कापून उघडणं. ॲपेंडेक्टॉमीतलं टॉमी तेच. ॲनाबोलिझममध्येही (शरीरातल्या जडणघडणीच्या प्रक्रियेत) हाच ॲना.

होमोचंही तसंच. होमोझायगस ग्रीक, पण होमो सेपियन्समधला होमो लॅटिन, तिथे अर्थ माणूस, सम-बिम काही नाही. पेड बघा, पेडियाट्रिक्समध्ये ग्रीक मूल आणि पेडिक्युअरमध्ये लॅटिन पाय. ऑर्थोपेडिक्समध्ये सगळ्यांना पाय वाटतो, पण तिथेही मूलच आहे, १७४१ साली निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मुलांची वाकडी हाडं सरळ करण्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा हा शब्द बनवला. हायपरटेन्शन तर अर्धं ग्रीक अर्धं लॅटिन आहे. डाय पण दोन आहेत, डायऑक्साइडमधला दोन, आणि डायबिटीस, डायरिया, डायलिसिस यातला डाया म्हणजे आरपार. डायबिटीस या नावात साखर कुठेच नाही, नुसतं आरपार वाहून जाणं, मध आहे तो पूर्ण नावातल्या, डायबिटीस मेलिटसमधल्या, मेलिटसमध्ये. आपल्या मधुमेहात मात्र दोन्ही आले, मेह म्हणजे लघवी.

आणि उपबद्दल, आपल्या पुस्तकांनी हायपोला सगळीकडे उप केलेलं नाही, हायपोथॅलॅमसला अधश्चेतक म्हणतात, अधः म्हणजे खाली. उप म्हणजे मुख्यतः जवळ, त्यामुळे उपसरपंच लक्षात ठेवायला ठीक, पण तेवढ्यापुरताच.

जुनी_पाटी:
मान्य. ॲना मी विसरलोच होतो, आणि उपचा पहिला अर्थ जवळच. उपसरपंचाला मात्र सांगू नका.

नवीन_ॲप्रन:
थँक्यू थँक्यू सगळ्यांना 🙏 ती चार पानी यादी घेऊन बसले, हायपरच्या पुढे "वर" लिहिलं आणि र ला गोल केला. पेरिओडोन्टायटिस बघितल्या बघितल्या कळलं, परि आणि दंत, हिरडीचं असणार!! मग पॅराथायरॉईड, यादीत पॅरा म्हणजे शेजारी, म्हणजे थायरॉईडच्या शेजारच्या. बरोबर? मग पॅरासिटामॉल कशाच्या शेजारी??

मायक्रोस्कोप_काका:
पेरिओडोन्टायटिस बरोबर, फक्त नुसती हिरडी नाही, दाताला धरून ठेवणारं सगळंच आलं त्यात, हाडसुद्धा. पॅराथायरॉईड बरोबर, बहुधा चार असतात, थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या. पॅरासिटामॉलचा पॅरा केमिस्ट्रीचा, शब्द ग्रीकच पण बेंझीनच्या रिंगवर समोरासमोरचे दोन कोपरे असतात त्याला पॅरा म्हणतात. पॅरा-ॲसिटिल-ॲमिनो-फिनॉल, त्यातली अक्षरं उचलून नाव केलंय.

आयसीयू_नाईट_शिफ्ट:
थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये त्या चार चुकून गेल्या किंवा दुखावल्या की काय होतं ते वाचून ठेव. कॅल्शियम उतरतं, बीपीचा कफ फुगवला की पेशंटचा हात आपोआप आखडतो. व्हायवाला नक्की विचारतात. हायपो की हायपर ते तूच सांग आता.

नवीन_ॲप्रन:
हायपोकॅल्सेमिया! र नाही!