फक्त द्राक्षांवर लिहून ब्लॉग चालेल का, की सगळंच घ्यावं?

मणेराजुरीकर
तीन वर्षं झाली, फक्त द्राक्षबागेवर ब्लॉग लिहितोय. ऑक्टोबर छाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत वाचक तुटून पडतात. माल उतरला की शुकशुकाट. एप्रिलच्या खरड छाटणीला जरा हालचाल होते, मग पुन्हा शांत. गुगलच्या जाहिरातींचे, म्हणजे अ‍ॅडसेन्सचे 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि मला ते जमायला कधी कधी चार महिने लागतात. मित्र म्हणतो, योजना, भरती, बाजारभाव सगळं टाक. तुमचं मत सांगा.

भरतीवाला
मित्र बरोबर बोलतोय. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा मी अर्ज कसा भरायचा, कागदपत्रं कुठली लागतात, एवढंच साध्या भाषेत लिहिलं. वर्षभरात मिळाले नव्हते तेवढे पैसे दोन महिन्यांत आले. तोवर घरी "लॅपटॉपवर काय खुडबुड करतोस" चालायचं, ते बंद झालं. धंदा म्हणता ना? मग गिऱ्हाईक असेल तिथे दुकान मांडा. द्राक्ष बागायतदार महाराष्ट्रात असून असून किती? त्यातले मोबाईलवर सावकाश वाचणारे किती?

काडी_मोजणारा
आणि तिसऱ्या महिन्यात काय झालं, तेही सांगा की. योजनेचा वाचक अर्ज भरतो आणि जातो, ब्लॉगचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही. त्यात ऑगस्ट 2024 पासून भारतातही गुगल स्वतःच वर एआयचं उत्तर लिहून दाखवतं. "कागदपत्रं कोणती" एवढ्यासाठी तुमच्या पानावर कोण येणार?
बागायतदाराचं तसं नाही. बाग फुलोऱ्यात आहे, रात्री पाऊस झालाय, फुलांची गळकूज होईल की डाऊनी रोग येईल या धास्तीने माणूस पहाटे पाचला मोबाईल उघडतो. त्या वेळी तुम्ही त्याच्या कामाचं काही सांगितलंत, तर तो पुढच्या हंगामात नावानिशी शोधत येतो. अ‍ॅडसेन्सचा नाद सोडा. ठिबकवाले, औषधवाले थेट जाहिरात देतील, कारण त्यांचं गिऱ्हाईक नेमकं तुमच्याकडे आहे.

भरतीवाला
पहाटे पाचला तो पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला बघेल, फुकट आहे.

काडी_मोजणारा
तो सल्ला विभागवार असतो हो. तुमच्या शिवारात काल किती पाऊस पडला, ते त्यात नसतं.

जुना_दुकानदार
थेट जाहिरातीचं बोललात म्हणून लिहितो. मी डाळिंबावर लिहायचो, निव्वळ डाळिंबावर. तालुक्यातल्या एका औषध विक्रेत्याची जाहिरात दोन हंगाम होती. तेल्या रोगावरच्या त्याच्या एका औषधाचा माझ्या बागेत काडीचा उपयोग झाला नाही, तसं मी लिहिलं. जाहिरात बंद. इतपत ठीक. पण बाकीचे तीन विक्रेते त्याच्याच बैठकीतले, त्यांनीही हात आखडता घेतला. एका विषयात राहण्याची ही बाजू कोणी सांगत नाही: वाचक थोडे, आणि पैसे देणारे त्याहून थोडे. सगळ्या शेतीवर लिहिणाऱ्याला एक रुसला तर फरक पडत नाही.
तरी भरतीच्या बाजूने मी नाही. डाळिंब, द्राक्ष, बेदाणा असं धरा. आमच्याकडे एकाच घरात दोन्ही बागा असतात, वाचक तोच राहतो.

काडी_मोजणारा
हा मुद्दा मान्य. मग जाहिरातच नको, वर्गणी ठेवा. हंगामाला पाचशे रुपये. एका फवारणीलाही त्याहून जास्त जातात.

मणेराजुरीकर
बेदाण्याचं पटलं, शेड आमच्या दारातच आहे. वर्गणीचा प्रयोग मागच्या साली केला होता. बावीस जणांनी पैसे भरले. पहिला लेख सकाळी सात वाजता पाठवला, आणि साडेसातला तोच लेख गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला परत आला, "नक्की वाचा" असं वर लिहून. पाठवणारा माझा चुलतभाऊ.