गल्ली ३ मीटर, वरचा बीम ८ मीटर: कोणती फोर्कलिफ्ट?

गोदाम_भिवंडी:
नवीन रॅक बसतोय. सर्वांत वरचा बीम ८ मीटरवर, गल्ली ३ मीटर. पॅलेट १२०० × १००० मिमी, मालासकट ९०० किलो, १२०० ची बाजू रॅकच्या आत. हाताशी ३ टनी डिझेल आहे, तिच्यावर भागेल? डीलर स्टॅकर (पॅलेट उचलून रचणारं हलकं यंत्र) सुचवतोय. कंटेनरही डॉकला लागतात.

मास्टवाला:
डिझेल विसरा. पॅलेट घेऊन वळायला तिला ४ मीटरच्या आसपास जागा लागते, वर बंद गोदामात धूर. स्टॅकर पाच-साडेपाच मीटरपर्यंत ठीक. तुमचं काम रीच ट्रकचं, म्हणजे अरुंद गल्लीत वळून फोर्क पुढे सरकवणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचं.

पण ते ३ मीटर कुठून कुठे मोजलेत? रॅकची फ्रेम १००० खोल असेल तर १२०० चं पॅलेट पुढेमागे १००-१०० मिमी बाहेर येतं. समोरच्या रॅकचंही तसंच. म्हणजे पॅलेट ते पॅलेट उरले २.८. रीच ट्रकला या पॅलेटसाठी साधारण २.८ ते २.९ लागतात. घासणार.

लिफ्ट साडेआठ मीटरची घ्या. फोर्क पॅलेटच्या फटीत जायला १०० मिमी, बीमवरून उचलून धरायला १५०-२०० वेगळे. 'दीड टनी' या नावावरही जाऊ नका. साडेआठ मीटरला आणि ६०० मिमीच्या लोड सेंटरला (फोर्कच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) किती किलो, ते कपॅसिटी प्लेटवर वाचा. उंचीबरोबर आकडा घसरतो.

फरशी_बघा_आधी:
ट्रिमिक्सचा (काँक्रीटच्या फरशीचा) लेव्हल तपासलात का? दोन पुढच्या चाकांत १.२ मीटर अंतर धरा. एक चाक ५ मिमी खाली बसलं की ८ मीटरवर फोर्क ३३ मिमी बाजूला जातो. ऑपरेटर चांगला असला तरी पॅलेट शेजारच्या पॅलेटला लागणारच. आणि फुटलेल्या जॉइंटवर पॉलियुरेथेनच्या चाकांचे टवके उडतात, म्हणून रीच ट्रक यार्डात काढायचाच नाही.

गोदाम_भिवंडी:
मग कंटेनर रिकामा करायलाही तोच चालेल ना?

मास्टवाला:
छे! साडेआठ मीटर लिफ्टचा मास्ट (फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा खांब) मिटवला तरी साडेतीन मीटरच्या पुढेमागे राहतो, साध्या कंटेनरचं दार २.२८ मीटर. पॅलेट एकावर एक नसतील तर बीओपीटी (बॅटरीवर चालणारा पॅलेट ट्रक) पुरे. एकावर एक असतील तर तीनचाकी इलेक्ट्रिक, दीड टनी, फुल फ्री लिफ्टचा मास्ट. फ्री लिफ्ट नसेल तर फोर्कबरोबर मास्टही वर चढतो आणि छताला ठोकर बसते. माल सुट्ट्या खोक्यांत येत असेल तर मात्र फोर्कलिफ्टचा प्रश्नच नाही. हमाल आणि हँड पॅलेट ट्रक.

फरशी_बघा_आधी:
लेड-ॲसिड बॅटरी घेतलीत तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. आधी फक्त प्लेटा बुडतील इतकंच. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं आणि ट्रे गंजतो. दोन शिफ्ट चालवायच्या तर दुसरी बॅटरी किंवा लिथियम.

गोदाम_भिवंडी:
फ्रेम १००० चीच निघाली. अँकर बोल्ट अजून मारलेले नाहीत.

मास्टवाला:
मग बीम ते बीम ३.२ करून घ्या.