खान्देशात रस्त्याच्या कामावर उभं राहिलेल्यांनो, अनुभव लिहा

सुपरवायझर, मुकादम, इंजिनीअर कोणीही असा, लिहा. नवीन पोरांना उपयोग होईल.

मीच सुरुवात करतो. धुळे जिल्हा, डांबराचं काम. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो त्यामुळे माणसं पहाटेच आणायची, आणि दुपारी सावली न् गार पाणी मिळालंच पाहिजे, यात मी ठेकेदाराचंही ऐकत नाही. डंपर आला की ताडपत्री काढून आधी थर्मामीटर खुपसायचा. व्हीजी-३० ग्रेडचं डांबर असेल तर टाकताना माल १४० डिग्रीच्या खाली नको आणि ९० वर यायच्या आत रोलिंग उरकायचं. थंड माल परत पाठवला की फोन सुरू होतात, होऊ द्या. नीट दबला नाही की पावसाळ्यात खडी सुटते.

---

यावल-रावेरकडे वेगळाच त्रास आहे. नवा रस्ता झाला की कोणीतरी रात्रीतून जेसीबीने आडवा चर मारून शेताची पाइपलाइन नेतो आणि वरून काळी माती ढकलून देतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, मग तिथे रस्ता खचतो आणि केळीने भरलेला ट्रक दणकन आदळतो. शेतकऱ्याला पाणी तर न्यावंच लागतं, त्याला नुसता दम देऊन काय होणार? म्हणून मी आता बेस टाकायच्या आधीच बांधाबांधावर जाऊन विचारतो, आप्पा, पाइप कुठून नेऊ राह्यले तेवढं दाखवून द्या. तिथे आधीच नळा टाकून ठेवतो. फार फरक पडला.

---

धडगावकडचा घाट. आमचं खरं काम मे महिन्यात, मोऱ्या आणि डोंगराच्या बाजूची गटारं मोकळी करायची. पाणी रस्त्यावर चढलं की साइडपट्टी गेलीच. जुन्या मैलकुलींना (रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची देखभाल करणारे मजूर) कुठली मोरी आधी तुंबते ते पाठ असायचं, असा माणूस गावात असेल तर त्याला आधी गाठा.

---

जळगाव, काँक्रीट. इथल्या उन्हात आणि गरम वाऱ्यात वरचं पाणी भराभर उडतं, म्हणून पृष्ठभाग धरला की लगेच ओलं गोणपाट, पुढे पाण्याचे वाफे, आणि टँकर आला का ते स्वतः जाऊन बघायचं. जॉइंट कटरवाला, म्हणजे काँक्रीटला ठरावीक अंतरावर काप मारणारा, त्याच दिवशी साइटवर हवा, उद्या बघू म्हटलं की तडा कापातून न जाता भलतीकडूनच जातो. आम्ही त्याचं जेवण साइटवरच मागवतो, म्हणजे तो मधेच निघून जात नाही.