मदत हवी आहे: दुधाची दाढ काढल्यावर लेक जेवत नाही

मुलगी साडेसहा वर्षांची. परवा खालची किडलेली दुधाची दाढ काढली. ती जागा ठीक आहे, रक्त थांबलंय, ताप नाही. खरा त्रास ओठाचा. भूल उतरेपर्यंत तिने तो इतका चावला की सुजलाय आणि आतून पांढरट-पिवळा चट्टा पडलाय. डेंटिस्टना फोटो पाठवला. म्हणाले, पू नाही, आपोआप भरेल. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देतेय, त्याने झोप लागते. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ म्हटलं की रडारड. दहीभात झोंबतो, पेज नको, आइस्क्रीम मात्र बरोब्बर चालतं! स्ट्रॉ बंद ठेवलाय. सोमवारपासून शाळेचा डबाही आहे. कुणाच्या मुलांनी असा ओठ चावला होता का? चट्टा जायला किती दिवस लागले, आणि तोवर न झोंबणारं, पोटभरीचं काय दिलंत?