शब्दचर्चा: ‘भूमिका’ घेणाऱ्या कंपन्या, ‘बहिष्कार’ आणि समलिंगी लग्न

भाषांतरहमाल

मंडळी, अडलोय. चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांना वाटायची पुस्तिका मराठीत करतो आहे. मालक कंपनी परदेशी. विम्याच्या पानावर ‘स्पाउस’ आणि ‘सेम-सेक्स पार्टनर’ शेजारी शेजारी आलेत, आणि प्रस्तावनेत साहेबांनी ‘मॅरेज इक्वॉलिटी’वरचा कंपनीचा ‘स्टॅन्स’ सांगितलाय. मी ‘समलिंगी विवाहाबाबत कंपनीची भूमिका’ असं लिहून टाकलं. रात्री पुन्हा वाचलं तर वाटलं, कंपनी नाटकात काम करते आहे की काय! शिवाय विवाह कसा काय समलिंगी असेल? समलिंगी असतात ती माणसं. ‘समलैंगिक’ करू का?

खडूफळा

‘समलैंगिक’ ही हिंदी वर्तमानपत्रांची सवय, आपल्याकडे टीव्हीवरून आली. मराठीत ‘समलिंगी’ रुळलाय, तोच ठेवा. विवाहाला विशेषण लागतं म्हणून बिचकू नका. ‘आंतरजातीय विवाह’ म्हणतो तेव्हा विवाहाला कुठे जात असते?

तुमचा खरा घोटाळा ‘विवाह’ या शब्दात आहे. वि अधिक वह्. वह् म्हणजे वाहून नेणे. कुणीतरी कुणाला तरी घेऊन जातो, म्हणजे एक नेणारा आणि एक नेली जाणारी. ‘वधू’चं मूळही याच धातूत सांगतात. ‘लग्न’ पाहा. लग् म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. लग्न म्हणजे नुसतं जोडलेलं, त्यात कोण कोणाला नेतो याची भानगड नाही. आणि व्याकरणाने ‘विवाह’ पुल्लिंगी, ‘लग्न’ मात्र नपुंसकलिंगी. आमच्या वर्गात हे सांगितलं की मागचे बाक हसायचे.

तिरपागडा

सर, व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत असता तर ‘तेल’ फक्त तिळाचंच म्हणावं लागलं असतं. लग्न म्हणजे एक बाई आणि एक पुरुष, हा अर्थ लोकांच्या डोक्यात आहे. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, धातुकोश नाही. आणि आपल्याकडे तर कोर्टानेही तसंच म्हटलंय.

भाषांतरहमाल

कोर्टाने नेमकं तसं म्हटलेलं नाही हो. समलिंगी विवाहावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्ती एवढ्यावर एकमत होते की लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे शब्द कोर्ट बदलू शकत नाही. त्या कायद्यात वयाच्या अटीतच पुरुष २१ आणि स्त्री १८ आहे. लग्न ‘म्हणजे काय’ याचा निवाडा वेगळा आणि कायद्यात कोणते शब्द आहेत हा वेगळा. ‘सिव्हिल युनियन’वर (लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याला कायद्याची मान्यता) मात्र ३ विरुद्ध २ अशी फाटाफूट झाली. त्यालाही मराठी शब्द हवा आहे, ‘नागरी संयोग’ माझ्याच्याने लिहवत नाही.

रानजाई

‘नागरी संयोग’ म्हणजे रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. आणि ‘युनियन’ तसंच ठेवलं तर चाकणचे कामगार वेगळाच अर्थ काढतील, व्यवस्थापन घाबरेल! ‘नागरी सहजीवन’ बरं वाटतंय.

तिरपागडा, तुमच्या ‘लोकांच्या डोक्यात’वरून आठवलं. २०१५ मध्ये मुंबईतले कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईने मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात काढली. मुलासाठी वर. काही वृत्तपत्रांनी कायद्याचं कारण सांगून ती घ्यायला नकार दिला, शेवटी ‘मिड-डे’ने छापली. मजकूर अगदी आपल्या रविवारच्या पुरवणीतला. वय, नोकरी, शाकाहारी हवा, जातीची अट नाही, आणि कंसात ‘अय्यर असल्यास प्राधान्य’. त्या कंसावरून गदारोळ झाला तो वेगळाच. पण शब्द बघा. एकही नवा शब्द बनवावा लागला नाही. ‘वर’ तोच, रकाना तोच. वृ म्हणजे निवडणे, वर म्हणजे निवडलेला. कोणी निवडला हे शब्दात नाहीच.

तिरपागडा

ती आई मला आवडली, हे कबूल. जातीच्या कंसासकट आवडली. पण वृत्तपत्राने नाकारली तर तोही त्याचा हक्कच ना? दुकान त्याचं.

भाषांतरहमाल

इथेच माझा दुसरा शब्द येतो. ‘नाकारणे’. मराठीत ‘जाहिरात नाकारली’ आणि ‘गिऱ्हाईक नाकारलं’ ही दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. बेलफास्टच्या केकचा खटला सगळा याच फरकावर उभा होता.

२०१४ मध्ये तिथल्या ॲशर्स बेकरीकडे एकाने केक मागितला. वर लिहायचं होतं ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’, सोबत लहान मुलांच्या कार्यक्रमातली बर्ट आणि अर्नी ही बाहुल्यांची जोडी. किंमत साडेछत्तीस पौंड. दुकानात ऑर्डर घेतली, पैसे घेतले, आणि दोन-तीन दिवसांनी फोन करून सांगितलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, हा मजकूर लिहिणार नाही. पैसे परत. खालच्या कोर्टाने हा भेदभाव ठरवून ५०० पौंड भरपाई लावली, अपिलातही तेच कायम राहिलं. १० ऑक्टोबर २०१८ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायमूर्तींच्या एकमताने ते फिरवलं. त्यांचं म्हणणं असं की बेकरीने माणसाला नाकारलं नाही, मजकुराला नाकारलं. हाच मजकूर भिन्नलिंगी गिऱ्हाइकाने मागितला असता तरी नकारच मिळाला असता.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या मास्टरपीस केकशॉपचं उलट. तिथे केकवर काय लिहायचं यावर बोलणं पोचलंच नव्हतं. दोघा पुरुषांच्या लग्नासाठी केक बनवणार नाही, एवढ्यावर २०१२ मध्ये विषय संपला. २०१८ मध्ये केकवाला ७ विरुद्ध २ ने जिंकला, पण तो राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माशी आकसाने वागणूक केली म्हणून. केक नाकारता येतो का, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्यांचे मथळे जवळपास एकच होते.

खडूफळा

मग ‘मजकूर लिहायला नकार’ आणि ‘सेवा द्यायला नकार’ असं सरळ लिहावं. ‘नाकारला’ एवढ्यावर सोडलं की वाचकाला कर्म शोधत बसावं लागतं. मथळेवाल्यांना जागा कमी असते हे मान्य. पण कर्म टाकायला किती जागा लागते?

सिडनीकर

उशिरा येतोय. ‘भूमिका’वरून सांगतो, कारण २०१७ मध्ये आम्ही हा शब्द रोज ऐकत होतो.

इथे ऑस्ट्रेलियात टपालाने मतचाचणी झाली. पाकिटात एक कागद, एक प्रश्न: समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का? हो, नाही, दोन चौकोन. आई तेव्हा पुण्याहून आली होती. तिने कागद उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं कारण पण लिहायचंय.’ १५ नोव्हेंबरला निकाल आला, ६१.६ टक्के हो. पण आमच्या पश्चिम सिडनीत, जिथे स्थलांतरित जास्त, तिथल्या बऱ्याच मतदारसंघांत ‘नाही’ जिंकलं. ब्लॅक्सलँडमध्ये तर जवळपास ७४ टक्के ‘नाही’.

कंपन्यांचं म्हणाल तर क्वांटास या विमानकंपनीचे तेव्हाचे प्रमुख ॲलन जॉइस उघडपणे ‘हो’च्या बाजूने. मार्चमध्ये वीसएक कंपन्यांच्या प्रमुखांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, त्यावर मंत्री पीटर डटन यांनी त्यांना सुनावलं की तुम्ही आपल्या विणकामाला लागा. मराठीत त्याला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका’ हे तंतोतंत बसतं, फक्त इथे भाकऱ्या भाजणारा विमानं उडवत होता. मे महिन्यात पर्थला भर सभेत एकाने जॉइसच्या तोंडावर ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) थापला. त्याच महिन्यात टेनिसपटू मार्गारेट कोर्ट यांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की यापुढे शक्यतो क्वांटासने प्रवास करणार नाही.

आणि ‘तटस्थ’ शब्दाचं काय होतं ते कूपर्सला विचारा. ॲडलेडची ही बिअरची कंपनी. बायबल सोसायटीने एक चित्रफीत काढली. एकाच पक्षाचे दोन खासदार, एक बाजूने, एक विरोधात, समोर कूपर्सची हलकी बिअर, आणि सभ्य वाद. कुणी कुणाला शिवी दिली नाही. तरी सिडनी-मेलबर्नच्या पबवाल्यांनी कूपर्स ठेवणं थांबवलं. कंपनीने आधी अंग काढून घेतलं, मग माफी मागितली, मग विवाहसमतेच्या बाजूने उभ्या असलेल्या संघटनेत सामील झाली. सगळं दोन-चार दिवसांत. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा. कूपर्स काठावरच चिंब झाली.

रानजाई

मग तिने ‘भूमिका घेतली’ म्हणायचं की ‘भूमिका बदलली’? मला तर ‘वठवली’ बरोबर वाटतं.

भाषांतरहमाल

रानजाईताई, लिहून घेतलं. माझं मत हळूहळू असं होत चाललंय की ‘भूमिका’ हा बातमीदाराचा आळस आहे. आपल्याकडचा डाबरचा प्रसंग घ्या. ऑक्टोबर २०२१, फेम ब्लीचची जाहिरात, दोन बायका एकमेकींसाठी करवाचौथ करतात. वटपौर्णिमेला अशी जाहिरात आपल्याकडे काढली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची धमकी दिली, कंपनीने जाहिरात काढून घेतली आणि माफी मागितली. पुढे त्याच आठवड्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी एका जाहीर भाषणात लोकांच्या असहिष्णुतेचं उदाहरण म्हणून हीच जाहिरात सांगितली. आता यात डाबरची ‘भूमिका’ कोणती? जाहिरात काढली ती, की काढून घेतली ती? (गंमत म्हणजे आपलं ‘काढली’ हे क्रियापद दोन्हीकडे चालतं.) ‘जाहिरात केली’, ‘मागे घेतली’, ‘माफी मागितली’, एवढं लिहिलं की वाचक आपलं आपण ठरवतो.

याउलट टाटा स्टीलने डिसेंबर २०१९ मध्ये नियमच बदलला. जोडीदार म्हणजे विवाहित जोडप्यासारखे एकत्र राहणारे, मग लिंग एक असो वा वेगळं, आणि अशा जोडीदाराला वैद्यकीय लाभापासून पुढच्या गोष्टी लागू. याला मी ‘धोरण’ म्हणेन. धोरणाला कलम असतं, तारीख असते, त्यावर कामगार भांडू शकतो.

तिरपागडा

हे पटलं. विरोधक असूनही पटलं. जूनमध्ये, ‘प्राइड’च्या महिन्यात, बोधचिन्हाला इंद्रधनुष्याचे रंग फासणाऱ्यांपेक्षा विम्याचा नियम बदलणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण ‘बहिष्कार’ राहिलाच. आमच्या बाजूचे लोक एखाद्या जाहिरातीवर बहिष्कार टाका म्हणाले की ती असहिष्णुता, आणि पबवाल्यांनी कूपर्स बंद केली की ती जागरूकता. शब्द एकच ना?

खडूफळा

शब्द एकच, आणि तो मुळातच दुधारी आहे. ‘बॉयकॉट’ हे माणसाचं आडनाव. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याला खंडात सूट मागितली, त्याने घरातून हुसकवायच्या नोटिसा काढल्या. मग गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला अल्स्टरहून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सैन्य. म्हणजे पहिल्या ‘बॉयकॉट’मध्ये गिऱ्हाइकाने दुकान सोडलं नव्हतं, दुकानदाराने गिऱ्हाईक सोडलं होतं. आपल्या भाषेत याला वाळीत टाकणं म्हणतात.

मराठी ‘बहिष्कार’ दोन्ही ओझी वाहतो. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार विलायती मालावरचा, तो तुम्हाला अभिमानाने आठवतो. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं, तिथे तोच शब्द पाठीवरच्या वळासारखा आहे. मालावर टाकला तर चळवळ, माणसावर टाकला तर महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा. म्हणून तिरपागडा, प्रश्न बाजूचा नाही. कशावर टाकला, ते पाहा. बिअरवर की बिअर पिणाऱ्यावर.

तिरपागडा

आणि बेकरीवाल्याने केक नाकारला तर?

खडूफळा

ते पाच न्यायमूर्तींना चार वर्षांनी सुचलं. मला एका प्रतिसादात कसं सुचेल?

पासबुक

एवढ्या विद्वत्तेत माझं एक किरकोळ. मी बँकेत काउंटरवर असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वित्त मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही. आडकाठी आधीही नव्हती, पण सांगावं लागलं. त्यानंतर दोघी आल्या होत्या, पस्तिशीच्या. अर्ज पूर्ण भरलेला, फक्त ‘नॉमिनीशी नाते’ हा रकाना कोरा. पहिलीने ‘मैत्रीण’ लिहिलं, दुसरीने तिच्याकडे बघितलं, मग पहिलीने ते खोडलं. खाडाखोड चालत नाही म्हणून मी नवा अर्ज दिला. त्यावर त्यांनी काय लिहावं, हे माझ्याकडेच विचारलं. मी ‘जोडीदार’ म्हटलं. आमच्या संगणकात नात्याच्या यादीत तो शब्द नाही, म्हणून मी ‘इतर’ निवडलं. कागदावर मात्र जोडीदार आहे.

भाषांतरहमाल

पासबुकताई, पुस्तिकेत ‘जोडीदार’च घातला. ‘स्पाउस’ला ‘पती/पत्नी’, पुढे तिरकी रेघ आणि ‘जोडीदार (लिंग कोणतेही असो)’. ‘समलिंगी विवाहाबाबत भूमिका’ हे काढून ‘लग्नाच्या समान हक्काला कंपनीचा पाठिंबा आहे’ केलं.

काल कंपनीकडून तपासून आलं. प्रस्तावना जशीच्या तशी ठेवलीय, छान झालीय म्हणून शेरा. विम्याच्या पानावरची तिरकी रेघ आणि तिच्या पुढचं सगळं लाल पेनाने खोडलंय. बाजूला लिहिलंय, ‘जागा कमी पडते.’

खडूफळा

किती अक्षरं कमी करायची आहेत ते विचारा. ‘जोडीदार’ एवढाच शब्द ठेवून ‘पती/पत्नी’ काढलं तर उलट जागा वाचते.

भाषांतरहमाल

तसंच लिहून पाठवलंय. उत्तर आलं की कळवतो.